आकड्यापुढचा पेला

“उतरली की उठेल.”

एकतीस वर्षांपूर्वीचा आवाज. त्यात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. दमल्या माणसाने दार लोटून घ्यावं तसा तो होता, मऊ आणि बंद. नऊ वर्षांची एक मुलगी लोखंडी खाटेच्या पायाशी उभी होती. खाटेवर तिचे बाबा पोट धरून वळले होते. लाकडाला पॉलिश करणारा माणूस. नखांच्या कडांना कायमचा तांबूस रंग, बोटं गुळगुळीत. आई केसपेपर काढायला खिडकीपाशी रांगेत होती. डॉक्टर बाबांच्या तोंडाशी वाकले, त्यांनी वास घेतला, मग मुलीकडे बघून विचारलं, “प्यायलाय ना?” आणि पाठोपाठ ते वाक्य. आई केसपेपर घेऊन आली तोवर डॉक्टर पुढच्या खाटेशी पोचलेही होते.

बाबा दुपारपर्यंत उठले नाहीत. मग उठायचे राहिलेच.

ती मुलगी आता चाळिशीची आहे. एका मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत रक्त तपासते. नेमणुकीच्या कागदावर ‘तंत्रज्ञ’ असं लिहिलं होतं, पण तो शब्द तिथे कुणाच्या जिभेला मानवला नाही. पहिल्याच आठवड्यात खाटा ढकलणाऱ्या मामांनी तिला रक्तवाली म्हटलं आणि तेच चिकटलं. तिलाही ते आवडायचं. भाजीवाली भाजी ओळखते, तशी आपण रक्त ओळखावं, एवढीच तिची हाव.

तिचं यंत्र शिलाई मशीनएवढं, औषधांच्या कपाटाला खेटून. दोन थेंब रक्त पाजलं की दीड मिनिटात जीभ काढावी तशी चिठ्ठी बाहेर येई. चिठ्ठीवर दहा-बारा आकडे, पण कॅज्युअल्टी त्यातल्या एकाचीच वाट बघे: लॅक्टेट. अंगातल्या पेशींना प्राणवायू पुरेनासा झाला की त्या धापा टाकत काम रेटतात आणि त्या धापांची राख रक्तात साचते. ती राख म्हणजे हा आकडा. दोनच्या आत असला तर निवांत बसा. चारच्या वर गेला की भिंतीवरची लाल घंटा दाबायची. मग वरच्या मजल्यावरून सर्जन आणि अतिदक्षतेची माणसं जिना खडखडवत खाली येत. माणूस हसतबोलत असला तरी. हा आकडा चेहऱ्याच्या आधी खरं बोलतो.

पण दारूपाशी तो अडखळतो. दारू निस्तरण्यात यकृत गुंतलं की राख झाडायचं काम तुंबतं आणि धडधाकट माणसाचाही आकडा चार-पाचावर जाऊन बसतो. पूर्वी अशा प्रत्येकासाठी घंटा वाजे. वरच्या आठही खाटांवर दारू उतरलेली माणसं चपलांवरून भांडत बसलेली असायची. अशाच एका सकाळी खाली एक शिक्षिका चार पॉइंट सहाचा आकडा घेऊन खाटेची वाट बघत राहिली. खाट मिळाली तेव्हा ती तिच्या कामाची उरली नव्हती.

त्या दिवसानंतर सर, म्हणजे कॅज्युअल्टीचे प्रमुख, तीन आठवडे जुन्या वह्या चाळत बसले. आकडा चारच्या वर असलेल्या न प्यायलेल्यांत दहातले चार दगावले होते; प्यायलेल्यांत दहातला एक. सरांनी नियम केला: ज्याच्या तोंडाला वास, त्याच्या आकड्यापुढे निळ्या शाईने छोटा पेला काढायचा. पेल्याला घंटा नाही. पेल्याला दुसरी चिठ्ठीही नाही. “लांडगा आला रे आला बंद,” ते म्हणाले होते. नियम चांगल्या मनातून आला होता, म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं.

रक्तवालीने चार वर्षं पेले काढले. सुबक काढायची, कड, बूड, आत दोन रेघा पाण्याच्या.

त्या दिवशी सकाळचे साडेनऊ झाले होते. फरशी पुसून नुकती वाळत होती. मामांनी दारातूनच आरोळी ठोकली.

“जावईबापू आले हो! पायघड्या घाला!”

जावईबापू म्हणजे चावीवाला. रस्त्याच्या वळणावर त्याचं छत्रीखालचं दुकान. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तो चालला की छुमछुम वाजायचा. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी त्याला पायरीवरून उचलून आणायचं. सलाइन लागायचं, तो घोरायचा, उठायचा आणि कॅज्युअल्टीच्या मावशींना हाक मारायचा, “सासूबाई, चहा!” जाताना एखाद्या कपाटाचं अडलेलं कुलूप फुकटात मोकळं करून द्यायचा. सासुरवाडीचा मान राखायचा म्हणे.

“पंधरवडासुद्धा झाला नाही,” मावशी चादर झटकत म्हणाल्या. “एवढं काय गोड लागतंय हो आमच्या घरचं?”

चावीवाल्याने उत्तर दिलं नाही.

धाकटी पुढे झाली. नवीन डॉक्टर, दोन महिन्यांची. सर थोरले म्हणून ही धाकटी. तिने नाडी धरली, एकशे चौदा. रक्तदाब जरा खाली, पण पडलेला नाही. वास मात्र खोलीभर. “नेहमीचंच,” ती म्हणाली आणि सलाइन लिहिलं.

चिठ्ठी आली. पाच पॉइंट दोन.

“पेला काढा, ताई.”

रक्तवालीने निळं पेन उघडलं आणि पेला काढला. कड, बूड, दोन रेघा. हात सवयीने चालतो. त्याला विचारायला कुणी जात नाही.

तासाभराने मावशी तिच्या यंत्रापाशी आल्या. फडका हातातच होता.

“रक्तवाले, एक सांगू? हसू नकोस.”

“सांगा की.”

“त्याने चहा नाही मागितला.”

“झोपला असेल.”

“झोपला नाही गं. डोळे उघडे आहेत. जावई जागा आहे आणि चहा मागत नाही, हे मला बरं दिसत नाही.”

रक्तवाली उठली. चावीवाला डावा खांदा धरून पडला होता. ओठ पुसलेल्या पाटीसारखे. कपाळावर घाम, पण हात लावला तर गार.

“खांद्याला काय झालं?”

“काय माहीत.” त्याची जीभ जड होती. “लागलं तर नाही तिथं. दुखतोय मात्र.”

“पडला होता कुठे?”

“परवा. शटरला कुलूप बसवत होतो, स्टूल सरकलं.” त्याने हसायचा प्रयत्न केला. “कुलूप वर बसलं, मी खाली.”

“कुठल्या अंगावर?”

त्याने डाव्या बरगडीकडे नुसती बोटं नेली. मग डोळे मिटले.

रक्तवाली परत आली. यंत्र जुन्या चिठ्ठ्या पोटात जपून ठेवतं. तिने त्याच्या मागच्या खेपा काढल्या. चार पॉइंट नऊ. पाच. चार पॉइंट सात. आजचा पाच पॉइंट दोन त्या रांगेत शहाण्यासारखा उभा होता. एका आकड्यातून काही कळत नव्हतं. जिन्यात उभा असलेला माणूस चढतोय की उतरतोय, हे एकदा बघून कसं कळणार? पुन्हा वळून बघावं लागतं.

“धाकट्या डॉक्टर, दुसरी चिठ्ठी काढू?”

धाकटीने मान वर केली. “पेला आहे ना त्याला?”

“आहे. मीच काढलाय.”

“सर ओरडतील, ताई. मी नाही लिहून देणार.”

“लिहू नका. मी विचारलं आणि तुम्ही ऐकलं नाही, असं म्हणा.”

तिने स्वतःच सुई घेतली. शीर लपून बसली होती. दोनदा चाचपल्यावर सापडली. रक्त यंत्राला पाजलं आणि दीड मिनिट ती हलली नाही. बाबा कपाटाच्या फळीला पॉलिशचा बोळा फिरवताना गुणगुणायचे ते मनात आपोआप सुरू झालं:

घास हळू, पूस हळू,
लाकूड लागेल बोलू.

चिठ्ठी आली. सहा पॉइंट नऊ. रक्ताचा दाटपणा, म्हणजे हिमोग्लोबिन, बारावरून नवावर.

पेल्याला दुसरी चिठ्ठी कुणी काढलीच नव्हती. त्यामुळे दारूने चढलेला आकडा किती वेळात उतरतो, हे तिलाही नक्की माहीत नव्हतं. पण दोन बाटल्या सलाइन गेल्यावर तो चढायला नको, एवढं तिला कळत होतं.

तेवढ्यात सर आले. पांढरे झालेले केस, चष्मा कपाळावर, चालणं नेहमी अर्धं धावणं. चिठ्ठी त्यांनी तिच्या हातातून घेतली.

“ही कुणी सांगितली?”

“कुणी नाही. मी काढली.”

“पेला आहे ना?”

“आहे. पण आकडा चढतोय सर. आणि रक्त तीनने उतरलंय.”

“दोन बाटल्या गेल्यात. पातळ होणारच.”

“रक्त पातळ झालं तर लॅक्टेटही पातळ व्हायला हवा होता. एकाच विहिरीत पाणी ओतलं, तर एक बादली गोड आणि एक बादली खारट कशी निघेल?”

धाकटीने खाली बघितलं. मावशी पुसलेलीच फरशी पुन्हा पुसू लागल्या.

“ताई,” सर शांतपणे म्हणाले, आणि हा शांतपणाच वाईट होता, “वर एकच खाट रिकामी आहे. अपघाताची एक मुलगी वाटेत आहे. मी घंटा वाजवली आणि हा दुपारी उठून चहा मागायला लागला, तर त्या मुलीला काय सांगू? दहातले नऊ उठतात. मी मोजलंय.”

“तो दहावा कोण, ते मोजलंय का?”

“काय?”

“दहातला एक मरतो, हे तुमच्याच वहीत आहे. आपण दहांनाही सारखाच पेला काढतो. दहाव्याला कुठून ओळखायचं?”

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. चावीवाल्याकडे बघितलं, दुरूनच. वास तिथपर्यंत येत होता.

“प्यायलाय तो,” ते म्हणाले. “उतरली की उठेल. बरोबर ना?”

आणि ते तिच्या मानेकडे बघत राहिले. मोठी माणसं अशी बघतात. त्यांना उत्तर नको असतं, मान हललेली हवी असते. मान हलली की तो निर्णय दोघांचा होतो आणि उद्या एकट्याचा राहत नाही.

रक्तवालीची मान हलली नाही. एकतीस वर्षांचं काहीतरी मानेत ताठ उभं राहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “प्यायलाय हे खरं आहे. पण प्यायलेला माणूस मरत नाही, असं कुठल्या वहीत लिहिलंय?”

“ताई, तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही. मी रक्तवाली आहे. आणि मला हे रक्त आवडलेलं नाही.”

भिंत चार पावलांवर होती. तिने चार पावलं टाकली आणि तळहाताने लाल घंटा दाबली.

घंटा मोठ्याने वाजते. इतकी वर्षं ती दुसऱ्याच्या हाताने वाजलेली ऐकली होती. स्वतःच्या तळहाताखाली ती कोंडलेल्या पाखरासारखी थरथरली. सरांचा चेहरा पांढरा पडला. “हे तुम्हाला महागात पडेल,” ते म्हणाले.

“पडू दे.”

जिना खडखडला. सर्जन बाई खाली आल्या, कपाळाला आठी. “कोण आहे?”

मग धाकटी हलली. तिने सोनोग्राफीचं यंत्र स्वतः ओढत आणलं, चाक फरशीत अडकलं तर लाथ मारून सोडवलं आणि चावीवाल्याच्या डाव्या बरगडीखाली त्याचं टोक टेकवलं. पडद्यावर करड्या रंगात एक काळी चंद्रकोर उमटली. मग ती चंद्रकोर राहिली नाही, तळं झालं.

“प्लीहा फाटलीय,” सर्जन बाई म्हणाल्या. “पोट रक्ताने भरलंय. चला, उचला!”

मामांनी खाट वळवली. मावशींनी त्याच्या कमरेचा जुडगा सोडून आपल्या कमरेला खोचला. “माझ्याकडे राहू दे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “नाहीतर उठल्यावर माझ्याच नावाने बोंब मारेल.” खाट लिफ्टकडे गेली, त्या मागे धावल्या, आणि ती छुमछुम लांब जाऊन बंद झाली.

अपघाताची मुलगी दहा मिनिटांनी आली. तिच्या पायाचं हाड मोडलं होतं, लॅक्टेट दीड. ती खालीच राहिली. पण तिचा आकडा मोठा निघाला असता तर? हा प्रश्न रक्तवालीने टाळला नाही. ती दुपारपर्यंत तो चघळत राहिली आणि त्याचा चोथाही थुंकता आला नाही.

दोन वाजता पाळी संपली. वरून निरोप आला होता: प्लीहा काढली, अजून भूल उतरलेली नाही, पण रक्तदाब धरून आहे.

“डोळे उघडून चहा मागितला तरच मी मानीन,” मावशी म्हणाल्या.

सरांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर मेमो टाइप होऊन पडला होता: अधिकार नसताना नमुना घेणे, अधिकार नसताना घंटा वाजवणे, दोन दिवसांत लेखी कारण देणे. सरांचा चष्मा परत कपाळावर होता. डोळे थकलेले दिसत होते.

“आज तुम्ही बरोबर निघालात,” ते म्हणाले. “उद्या चुकलात तर?”

“मी चुकले तर माझा मेमो निघेल. तुम्ही चुकलात तर त्याचा मुडदा.”

“तोंड सांभाळा, ताई.”

“इतकी वर्षं सांभाळलंच होतं सर.” ती उभीच राहिली. “पेला राहू द्या. त्या शिक्षिकेची चिठ्ठी मीच काढली होती, मी विसरलेले नाही. पण पेल्यापुढे दुसऱ्या आकड्याला जागा ठेवा. तासाभरानंतरचा. उतरला तर झोपू द्या. चढला तर घंटा.”

सरांनी मेमो तिच्याकडे सरकवला.

“तेही यात लिहा,” ते म्हणाले. “कारणासकट.”

हो म्हणाले की नाही, ते तिला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

घरी आई खिडकीशी उजेडात बसून बटण लावत होती. सत्तरी उलटलेली, डोळा अधू, पण सुईत दोरा स्वतःच ओवायची; कुणी मदतीला आलं तर चिडायची. दोनच खोल्या. भिंतीवर कुणाचाही फोटो नाही. बाबांचा एकुलता फोटो कपाटात, कपड्यांखाली, पालथा. कपाट मात्र बाबांच्या हातचं, अजून आरशासारखं. आई ते रोज पुसायची आणि रोज त्याच्याकडे पाठ करून बसायची.

रक्तवालीने मेमो टेबलावर पसरला, पेन काढलं. चुकून लाल निघालं. तेच राहू दिलं.

“काय गं ते?”

“मेमो.”

“तुला? काय केलंस?”

तिने सांगितलं. चावीवाला, चहा, चिठ्ठी, घंटा. आई ऐकता ऐकता सुई थांबवून बसली.

“म्हणजे एका दारुड्यासाठी नोकरी पणाला लावलीस.”

“माणसासाठी, आई.”

“दारुड्यासाठी! या घरात बसून तुला त्यांचा पुळका यावा? तुझा बाप असाच गेला. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं मला, दारूनं गेला म्हणून. चार माणसांत मान खाली घालून मी त्याला घरी आणला. एकदा म्हणाला नाही, की बाई गं, सोडतो. एकदा जरी सोडायचा प्रयत्न केला असता ना, तर मी तो फोटो भिंतीला लावला असता.”

हे तिने शंभरदा ऐकलं होतं. शंभरही वेळा ती उठून पाणी प्यायला गेली होती.

आज ती उठली ती कपाटाकडे. दार उघडलं, त्याला आतून टांगलेले कपडे बाजूला सारले. दाराच्या आतल्या अंगाला, खाली, मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या.

“आई, या कसल्या आहेत?”

“तुझ्याच. लहानपणी सगळीकडे रेघोट्या ओढायचीस.”

“मोज.”

“मला दिसतंय का तेवढं?”

“मी मोजते. अठरा आहेत.” ती तिथेच फरशीवर बसली. बोट शेवटच्या रेघेवर ठेवलं.

“या मी ओढल्या, पण बाबांच्या सांगण्यावरून. रोज सकाळी कामाला निघताना पुढ्यात वाकायचे, म्हणायचे, हुंग माझं तोंड. मी हुंगायची आणि रेघ ओढायची. तीस झाल्या की तुला दाखवणार होते. त्या दिवशी सकाळी मी अठरावी ओढली आणि मग त्यांच्या पोटात दुखायला लागलं. कपड्यांना वास होता तो पॉलिशच्या स्पिरिटचा, आई. तू केसपेपर काढायला गेलीस. डॉक्टरांनी मला विचारलं, प्यायलाय ना? ते माझ्या मानेकडे बघत होते. त्यांना हो हवं होतं. बाबा प्यायले नव्हते, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. आणि मी मान हलवली. हो म्हणून हलवली.”